बुधवारची फेरी

क्लिफर्ड प्रॉबर्टचं आयुष्यात एकच लिखाण छापून आलं, आणि तेही ग्रंथालयातल्या पिवळ्या पत्रकावर: 'दर गुरुवारी सकाळी दहाला. ग्रंथालय ते जुना बंधारा आणि परत. दोन मैल, नदीकाठाने, पूर्ण सपाट. एकही पायरी नाही. कुणालाही जमेल.' त्यातल्या 'पूर्ण'वरून त्याने फेऱ्या भरवणाऱ्या समितीतल्या बाईंशी पाव तास वाद घातला होता. बाईंच्या मते नुसतं 'सपाट' पुरे होतं. क्लिफर्डच्या मते जमीन एक तर पूर्ण सपाट असते, नाहीतर नसते. शेवटी बाई कंटाळल्या आणि शब्द राहिला.

एकेचाळीस वर्षं त्याने हार्नली गावातल्या घरांत गालिचे बसवले होते. गालिचा भिंतीपर्यंत ताणायला एक लोखंडी दाताळं असतं. ते पुढे टेकवायचं आणि मागून गुडघ्याने दणका द्यायचा, एका खोलीला साठ-सत्तर वेळा. त्यात गुडघे साठीच्या आतच कामातून गेले, पण जमिनीची पारख मात्र पक्की झाली. अर्ध्या बोटाचा उतारही त्याला बुटातून कळायचा. बायको मार्जरी गेली, घर खायला उठलं, तेव्हा त्याने गुरुवारची ही फेरी सुरू केली. अठरा वर्षं चालवली. त्यात एकाचंही बोट दुखावलं नाही.

समितीचा नियम असा, की ज्याने लोकांना न्यायचं त्याने आदल्या दिवशी ती वाट एकट्याने चालून बघायची आणि फॉर्मवर 'वाट तपासली' यापुढे खूण करायची. खरं सांगायचं तर इतर फेऱ्या नेणारी मंडळी बसच्या खिडकीतून सेव्हर्न नदीकडे एक नजर टाकतात आणि खूण करून मोकळी होतात. क्लिफर्ड तसला नव्हता. बुधवारी तो काठी घेऊन निघायचा, काठाची माती दर दहा पावलांवर टोचून बघायचा, वाटेवर आलेल्या काटेरी फांद्या कात्रीने छाटायचा. लोक हसायचे. "क्लिफ, नदीला इस्त्रीही करून ये," असं ग्लेनिस म्हणायची. ग्लेनिस म्हणजे पिवळं जाकीट घालून सगळ्यांच्या मागून चालणारी, कुणी मागे राहू नये म्हणून. जीभ तिखट, पण मनाने चांगली.

या सगळ्यांत त्याचा जीव अडकला होता तो मिसेस ज्यूक्समध्ये. एनिड ज्यूक्स, वय एक्क्याऐंशी. नवरा गेल्यावर दीड वर्ष ही बाई दाराबाहेर पडली नव्हती. क्लिफर्डने तिच्या दिवाणखान्यात तीस वर्षांपूर्वी गालिचा बसवला होता, म्हणून तो एक दिवस सहज डोकावला आणि तिला घेऊनच निघाला. पहिल्या दिवशी ती पहिल्या बाकापर्यंत आली. उन्हाळा संपेपर्यंत दुसऱ्या. पुढच्या वर्षी बंधाऱ्याशी उभी राहून थर्मासातला चहा पीत म्हणाली, "मिस्टर प्रॉबर्ट, आता मी एकटी राहू शकते." पाऊल टाकण्यापूर्वी तिचा एक प्रश्न ठरलेला असे: "काल जाऊन आलात ना?" तो हो म्हणाला की निघायची.

गेल्या जानेवारीत उजवा गुडघा संपावर गेला. शस्त्रक्रियेची रांग दोन वर्षांची. आठवड्यातून एक फेरी कशीबशी जमायची. बुधवारी गेलं तर गुरुवारी पलंगावरून उठता येत नसे. कुणाला सांगितलं असतं तर फेरी दुसऱ्याकडे गेली असती, आणि गुरुवार गेला तर आठवड्यात उरत काय होतं? त्याने काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. सूज उतरावी म्हणून गुडघ्यावर गोठलेल्या मटारची पिशवी ठेवली, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला आणि खूण केली. असे अकरा बुधवार गेले. काही झालं नाही.

बाराव्या बुधवारच्या आदल्या दिवशी नदी चढली आणि ओसरली. त्याला ठाऊक होतं. नदी ओसरली की काठ आतून पोखरलेला असतो आणि वर गवत मात्र जसंच्या तसं दिसतं, हे त्यानेच सगळ्यांना शिकवलं होतं. तरी त्याने खूण केली. गुरुवारी बोट क्लबच्या पुढे समोरून बाबागाडी आली, तिला वाट द्यायला मिसेस ज्यूक्स एक पाऊल बाजूला सरकली, आणि गवत वीतभर खाली गेलं. खुब्याचं हाड मोडलं. बुधवारी काठी टोचली असती तर ती जागा कळली असती का? कळली असती. तिथे तो नेहमी दोनदा टोचायचा.

चिखलात पडल्या पडल्या ती म्हणाली, "माफ करा हो. तुमच्या फेरीला डाग लावला मी."

अपघाताच्या कागदावर प्रश्न होता, वाट आदल्या दिवशी तपासली होती का? त्याने 'हो' लिहिलं. तेव्हा हात थरथरला नाही, याचीच त्याला पुढे सर्वांत जास्त लाज वाटली.

हाड जुळलं. मिसेस ज्यूक्सला नदीजवळच्या शुश्रूषागृहात तात्पुरतं ठेवलं. महिनाअखेरीस ती एकटी न्हाणीघरापर्यंत गेली तर घरी जाणार होती. नाहीतर तिचा मुलगा घर विकणार होता. पाय ठणठणीत होते, पण बाई उभीच राहीना. व्यायाम घेणाऱ्या मुलीने हात टेकले.

ग्लेनिस क्लिफर्डकडे आली. "ती काय म्हणते ठाऊक आहे? म्हणते, क्लिफने तपासलेल्या वाटेवर मी पडले, तर दोष वाटेचा असणार नाही. माझे पायच गेले. आता बोल!"

क्लिफर्ड उठून चहाची किटली ठेवायला लागला.

"तुझं ऐकेल ती," ग्लेनिस म्हणाली. "जा आणि काहीतरी थाप मार. पण उभी कर तिला."

त्या रात्री त्याचा डोळा लागला नाही. सकाळी चांगला कोट घालून तो गेला. मिसेस ज्यूक्स खिडकीशी बसली होती, मांडीवर निळी शाल.

"मिसेस ज्यूक्स, तुमचे पाय चांगले आहेत. वाट वाईट होती. मी आदल्या दिवशी गेलोच नव्हतो."

"म्हणजे?"

"जानेवारीपासून गेलो नाही. घरी बसून खुणा केल्या. चूक माझी आहे, तुमची नाही."

तिने मांडीवरची शाल सारखी केली. मग हसली. "ग्लेनिसने पाठवलं ना तुम्हाला?"

"हो, पण..."

"वाटलंच! काल दारात परिचारिकेला सांगत होती, क्लिफला काहीतरी थाप मारायला लावते."

"थाप नाही हो. मार्जरीची शपथ."

"त्या बिचारीला मध्ये ओढू नका. फॉर्मवर काय लिहिलंय?"

"तपासली म्हणून."

"मग झालं तर! माझ्या गालिच्याची नक्षी अर्ध्या बोटाने सरकली, मला दिसलीसुद्धा नव्हती, तर तुम्ही आख्खी खोली उखडून परत बसवलीत. तुम्ही घरी बसून खूण करणार?"

त्याने वाकून पँट वर सरकवली आणि गुडघा दाखवला. गुडघा नारळाएवढा सुजला होता.

मिसेस ज्यूक्सने तोंडावर हात घेतला. "अरे देवा! आणि असल्या गुडघ्याने तुम्ही माझ्यासाठी दर बुधवारी जात होतात!"

"जात नव्हतो! तेच सांगतोय, जात नव्हतो!" तो ओरडला. दारातून परिचारिकेने डोकावून पाहिलं.

"पुरे आता," मिसेस ज्यूक्स हळूच म्हणाली आणि त्याचा हात थोपटला. "तुम्ही भले आहात. पण खोटं तुम्हाला जमत नाही, मिस्टर प्रॉबर्ट."

पुढच्या सोमवारी तो पुन्हा गेला, त्यापुढच्या सोमवारीही. समितीलाही त्याने सगळं लिहून कळवलं. समितीच्या बाईंचं उत्तर आलं, की त्याच्या मनाला किती लागलंय ते त्या समजू शकतात, आणि त्याने थोडी विश्रांती घ्यावी. न चाललेल्या फेरीला साक्षीदार तरी कुठून आणायचा?

महिनाअखेर आली आणि गेली. ती खुर्चीतून उठली नाही. जूनमध्ये घर विकलं. नव्या लोकांनी दिवाणखान्यातला गालिचा गुंडाळून बाहेर फुटपाथवर टाकला. दोन दिवस तो पावसात भिजत होता, आणि क्लिफर्ड दोन्ही दिवस तिथे जाऊन उभा राहिला.

गुरुवारची फेरी आता ग्लेनिस नेते. क्लिफर्डला बंधाऱ्यापर्यंत जाववत नाही. दर बुधवारी दुपारी तो बस पकडून शुश्रूषागृहात जातो. मिसेस ज्यूक्सच्या खिडकीतून नदी दिसते, वाट दिसत नाही. अलीकडे तिला बरंचसं आठवत नाही, पण एक प्रश्न ती विसरत नाही.

"आज वाट बघून आलात ना, मिस्टर प्रॉबर्ट?"

पहिल्या काही वेळा तो नाही म्हणाला. मग ती घाबरायची, शाल चुरगाळायची, उद्या लोक पडतील म्हणून रडायची.

"आलो," तो आता म्हणतो.

"सगळी? बंधाऱ्यापर्यंत?"

"बंधाऱ्यापर्यंत. पूर्ण सपाट आहे."

"छान," ती म्हणते, आणि डोळे मिटते.