कानाच्या पाळीतलं रक्त

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतच सोडून गेले. त्याबद्दल माफी मागते. कोणाची मागते ते माहीत नाही, कारण ही वही मी तांदळाच्या डब्यामागे ठेवते आणि तिथे झुरळाशिवाय कोणी जात नाही. वहीसुद्धा माझी नाही, मुलीची सरावाची आहे. पुढच्या पानांवर तिने लिहिलंय, किती धावली, किती वेळात धावली, सकाळी उठल्यावर नाडी किती होती. मागची पानं कोरी राहिली. कोरी पानं टाकून देणं मला जमत नाही.

मुलगी एकोणीस वर्षांची. दहा हजार मीटर धावते. म्हणजे मैदानाला पंचवीस फेऱ्या मारते आणि जिथून निघाली तिथेच येते. राज्याच्या स्पर्धेत तिसरी आली तेव्हा गावात दोन मतं पडली. एक मत असं की तिसरी म्हणजे काही पहिली नव्हे. दुसरं मत असं की एवढं धावून शेवटी पोचली कुठे.

सकाळी ती आचऱ्याच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत धावायची आणि नऊ वाजता माझ्याबरोबर काजूच्या कारखान्यात यायची. उकडलेली बी पात्यात धरायची, पायाने दांडा दाबायचा, टरफल उघडलं की गर काढायचा. टरफलातलं तेल हाताला लागतं. आधी जळतं, मग बोटं काळी पडतात, मग कातडी जाड होते, आणि मग काहीच वाटत नाही. मी बारा वर्षं हे करते, ती तीन वर्षं करत होती. तिची खुर्ची माझ्या खुर्चीला लागून होती.

मग मोठ्या शिबिराचं पत्र आलं. वर्षभर राहणं, जेवण, बूट, शिकवणारे, सगळं त्यांचं. फक्त एक अट. शरीराची तपासणी करून अहवाल पाठवायचा आणि तिचा खर्च खेळाडूने करायचा. यंत्रावर धावताना श्वास मोजतात, रक्त मोजतात आणि ठरवतात की हे शरीर लांब धावण्याच्या लायकीचं आहे की नाही. तीन वर्षं ते शरीर लांब धावत होतं, पण त्याची नोंद करायला अर्जात रकाना नव्हता.

तपासणीची फी माझ्या पाच आठवड्यांच्या मजुरीएवढी. कारखान्यात आमच्यावर एक मुकादमीण आहे. तोंड कडू, पण उचल देते. मी तिच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. किती वेळ उभी होते कोणास ठाऊक. शेवटी तीच म्हणाली, "काय गो, खांब झालंस काय? बोल."

मी सांगितलं.

"श्वास मोजूचे इतके पैसे? मगे माझ्या सासवेचो पण मोजून घेवन ये. धा वर्सां ‘आता जातंय, आता जातंय’ म्हणता, अजून हयसरच आसा."

सगळ्या बाया हसल्या. मीही हसले, कारण पैसे तिच्याकडे होते. तिने वहीत माझ्या नावाचं नवं पान काढलं आणि दर शनिवारी मजुरीतून कापायचं ठरलं.

पुण्याला तपासणीचं केंद्र फार चकचकीत होतं. फरशीत तोंड दिसत होतं, म्हणून मी खाली बघायचं टाळलं. तिथले सर मोठे शिकलेले. खेळाडूंची हृदयं, फुप्फुसं, मांड्या, सगळ्यांवर त्यांचा अभ्यास. पहिल्या मजल्यावर येताना मात्र ते लिफ्टने आले.

आधी त्यांनी मुलीला विचारलं, "आहार काय असतो?"

"सकाळी पेज, दुपारी भात आणि माशाची कढी."

"प्रोटीन?"

"बांगडो," मुलगी म्हणाली. मग आठवून म्हणाली, "बांगडा, सर."

सरांनी लिहिलं, आहार सुमार. मी उलटं वाचते बरं. समोरच्याच्या टेबलावरचा कागद उलटा वाचायचा, ही एकच गोष्ट लाजऱ्या माणसाला चांगली जमते.

मग चिमट्याने दंडाची कातडी मोजली, वजन केलं, छातीला पट्टा बांधला, तोंडाला नळीवाला मुखवटा लावला आणि तिला पळत्या पट्ट्यावर चढवलं. तीन मिनिटं धावायचं, थांबायचं, बोटाला टोचून थेंबभर रक्त द्यायचं, पट्ट्याचा वेग वाढवायचा, पुन्हा धावायचं. जोरात धावलं की रक्तात लॅक्टेट नावाचं काहीतरी वाढतं. थोडं असेल तर शरीर खपवून घेतं, फार झालं की पाय जड होतात. ज्याच्या रक्तात ते उशिरा वाढतं तो लांब धावणारा. एवढं मला भिंतीवरच्या चित्रावरून कळलं. माझ्या मनात मी त्याला आंबट म्हटलं.

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर होते. रक्त घ्यायला एक बाई होती. धावायच्या आधीचा थेंब कसाबसा निघाला. पुढच्या वेळी तिने टोचलं तर काहीच नाही. पुन्हा टोचलं. बोट दाबलं, पिळलं, आमच्याकडे नारळाचा चव पिळतात तसं. तोवर मुलीचा घाम मनगटावरून बोटांवर उतरत होता. बाई पुसायची, पण सर म्हणायचे, "लवकर, लवकर, वेळ जातोय." शेवटी जे काही ओलं लाल निघालं ते यंत्रात गेलं.

मुलगी आरामात धावत होती. दम लागलेली ती मला लांबून कळते. दम लागला नव्हता. पण पडद्यावर आकडा आला सात. पुढच्या, जास्त वेगाच्या टप्प्याला आला पाच. त्याच्या पुढच्याला नऊ. सर मान हलवत होते, घरात मयत झाल्यासारखी.

संपल्यावर त्यांनी सांगितलं, "श्वासाचा आकडा चांगला आहे. पण रक्त फार लवकर बिघडतंय. हे लांबच्या धावण्याचं शरीर नाही. मी तसंच लिहिणार. मुलीला आठशे मीटरला वळवा. अहवाल तीन वाजता घेऊन जा."

मी म्हटलं, "बरं, सर." माझ्या आयुष्यातली निम्मी वाक्यं ही एवढीच आहेत.

बाहेर गुलमोहराखाली बाकावर आम्ही बसलो. मी डब्यातले घावन काढले. तिने एक तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला. मग म्हणाली, "आये, मुकादमीणीक फोन कर. माझी खुर्ची दुसऱ्या कोणाक देव नको म्हणान सांग."

रडली असती तर बरं झालं असतं. ती हे अगदी सरळ बोलली, उद्या बाजार आहे असं सांगावं तसं. मी तिच्या हाताकडे बघत राहिले. काळी बोटं, त्यांवर टोचल्याच्या खुणा. मोजल्या. रक्त सहाच वेळा घ्यायचं होतं, खुणा तेरा होत्या.

तेव्हा मला दोन गोष्टी सुचल्या. एक स्वयंपाकघरातली. आंबोळीचं पीठ एकदा आंबलं की आंबतच जातं. सातचं पुन्हा पाच कसं होईल, आणि तेही वेग वाढवून? दुसरी कारखान्यातली. आमच्याकडे दर वर्षी रक्त तपासायला सिस्टर येते. पहिल्या वर्षी तिने आमच्या बोटांपुढे हात टेकले. एकीचंही धड रक्त निघेना. तेव्हा आमच्यातली एक म्हातारी म्हणाली होती, "बाये, कानाक टोच. कान काजी फोडणत नाय." तेव्हापासून आमचं रक्त कानाच्या पाळीतूनच घेतात.

मी मुलीला हे सांगितलं. तिने ऐकलं आणि विचारलं, "ह्यां सरांका कोण सांगतला?"

"मी."

"तू?" ती पहिल्यांदा हसली. "तू कंडक्टराकडसून सुटे पैसे मागूक लाजतस."

खरं होतं. मालवणच्या गाडीत कितीतरी रुपये मी असे सोडलेत. पण खुर्चीचं तिने म्हटलं नसतं तर मी त्या दिवशीही सोडले असते.

सर जेवून आले होते. मी दारात उभी राहिले. इथे ‘खांब झालंस काय’ विचारायला कोणी नव्हतं, म्हणून मीच आत गेले. बाकावर जुळवलेली शहरी वाक्यं दारातच गळून पडली.

"सर, कान घ्या."

"काय?"

"हिची बोटं काजूची आहेत. रक्त येत नाही, घाम येतो. कानाला टोचा. कान काजू फोडत नाही."

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "मावशी, मी वीस वर्षं हे काम करतोय."

"होय सर. पण सातचं पाच झालं."

त्यांना ते कळायला वेळ लागला नाही. माणूस हुशार होता, ते मान्य करते. त्यांनी पडद्यावर आकडे पुन्हा काढले आणि रक्त घेणाऱ्या बाईकडे बघितलं. ती बिचारी भिंतीकडे बघत म्हणाली, "सर, फार दाबावं लागत होतं. घाम नीट पुसून होत नव्हता. मी मघाशी म्हणणार होते."

सरांनी मुलीचं बोट हातात घेतलं. सकाळपासून पहिल्यांदाच. चिमटा घेतला, नखाने टोकरलं, आणि एक लांबलचक इंग्रजी शब्द बोलले. मग मराठीत सांगितलं की नमुन्यात घाम मिसळला असावा, घामातही लॅक्टेट असतं, त्यामुळे आकडा फुगतो. म्हणजे मी म्हटलं तेच. पण आता ते इंग्रजीतून आलं होतं, म्हणून खरं झालं होतं.

"परवा पुन्हा करू," ते म्हणाले. "फक्त रक्ताची. निम्मी फी भरा."

"पुन्हा फी, सर?"

"नियम आहे, मावशी."

चूक त्यांची, बोट आमचं, फी आमची. नियम फार सुंदर असतात, सगळ्या बाजूंनी विचार केलेला असतो. माझं एका दिवसापुरतं बोलून झालं होतं, त्यामुळे मी भांडले नाही. बाहेर येऊन मुकादमीणीला फोन केला.

"आता काय? श्वास कमी पडलो?"

"नाय गे. रगात परत मोजूचा आसा."

"ह्या पुण्यातल्या लोकांका एकदा मोजून समाजणा नाय?" तिने पाच मिनिटं पुण्याचा उद्धार केला. त्यानंतर पैसे पाठवले. मी कानाचं सांगितलं तेव्हा मात्र म्हणाली, "तू बोललंस? स्वतःच्या तोंडान?"

एक दिवस आम्ही केंद्राच्या हॉलमध्ये काढला. गादीचे पैसे वेगळे, उशी मागितली तर उशीचे वेगळे. आम्ही पिशव्या उशाला घेतल्या.

तिसऱ्या दिवशी मुलीने कुडी काढून माझ्या हातात दिली. बाईने कानाची पाळी स्वच्छ पुसली, कोरडी केली, एकदा टोचलं. थेंब आपणहून उभा राहिला, दाबावं लागलं नाही. मी मुठीत कुडी आवळून पडद्याकडे बघत होते. आकडे आले ते जिना चढल्यासारखे, एकेक पायरी, कुठे घाई नाही, कुठे मागे वळणं नाही. सर्वांत वेगाच्या टप्प्याला मात्र उंच उडी. ती तशीच असते म्हणे. त्याच्या आधीचे चारही टप्पे ती आंबट न होता धावली. सरांनी मान हलवली. या वेळी बारशाला आल्यासारखी.

"मला पहिल्या दिवशीच शंका आली होती," ते म्हणाले.

"होय सर," मी म्हटलं.

अहवालात लिहिलं, लांब पल्ल्यासाठी अतिशय योग्य. हे आम्हाला आचऱ्याच्या वाळूवर फुकट कळत होतं, पण वाळूला शिक्का नसतो.

शिबिराचं बोलावणं आलं आणि मुलगी गेली. आता तिथे ती पोटभर जेवते, जेवण वजन करून देतात. सरावाला नवी वही मिळाली म्हणून ही माझ्याकडे राहिली. मध्ये तिचा फोन आला, "आये, हय शिबिरातल्या तपासणीच्या खोलीत भिंतीर कागद लावलोहा. खेळाडूचे हात आधी बघूचे, हात कामाचे असले तर रगात कानातसून घेवचा. खाली पुण्याच्या सरांचा नाव आसा."

"बरा झाला," मी म्हटलं. नाव खाली असायलाच हवं. म्हातारीचं टाकायचं तर तिला आधी शोधावं लागेल, आणि ती गेल्याला दोन वर्षं झाली.

तिच्या खुर्चीवर मी डबा ठेवते. मुकादमीणीने तिथे नवी बाई बसवली नाही, विचारलं तर म्हणते खुर्चीचा पाय मोडका आहे. पाय चांगला आहे.

शनिवार मागून शनिवार कापले गेले. आधी पहिल्या तपासणीचे, मग दुसरीचे, मग गादीचे. काल शेवटचा शनिवार होता. मुकादमीणीने बोटाला थुंकी लावून माझं पान काढलं, तीनदा बेरीज केली, उरलेले कापून घेतले आणि पानावर आडवी रेघ मारली.

"सही कर."

मी केली.

"काय गो ह्यां अक्षर! कोंबडी बरी लिवता."

मी वहीकडे बघितलं. खरंच कोंबडी बरी लिहिते. पण रेघ सरळ होती आणि रेघेखाली काही उरलं नव्हतं. सगळे पैसे फिटले.