चहात बुडवलेल्या पत्रिका

"तुम्ही त्या विमावाल्यांना कायदा शिकवायचात ना?" असं आजही कुणी कौतुकानं विचारलं की माझ्या तोंडाची चव जाते. शिकवायचो. पैसे घेऊन शिकवायचो. देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती, विमा कंपन्या अजून खाजगी होत्या, आणि अलिबागपासून रेवदंड्यापर्यंत जो तो उठून 'विमा व बचत सल्लागार' अशी पाटी लावत होता. कालपर्यंत सुपारी विकणारा आज सल्लागार! कंपन्यांची नियमांची पुस्तकं इंग्रजीत, आणि यांचं इंग्रजी सहीपुरतं. मी अलिबागला एका वकिलांकडे कारकून होतो, माझं इंग्रजी बरं. म्हणून दर रविवारी ही मंडळी मला चौलला एकाच्या पडवीत बसवायची, चहा-पोहे द्यायची आणि मी एकेक नियम मराठीत फोडून सांगायचो.

गिऱ्हाइकाचं भलं कशात आहे, हे त्यांतल्या एकानंही कधी विचारलं नाही. "मास्तर, हे नाही केलं तर चालेल का?" "मास्तर, हे तपासतं कोण?" शी! आणि मी दीडशहाणा, प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचो. हुशारी दाखवायची खाज होती ना मला.

वयाचा नियम असा होता. पस्तिशीच्या आतल्या माणसाला डॉक्टरी तपासणी माफ, हप्ताही कमी. पुराव्याला शाळेचा दाखला लागे, आणि तो नसेल तर जन्माच्या वेळी केलेली पत्रिका चाले. एवढं मी सांगायचा अवकाश, महिन्याभरात थळच्या कोळीवाड्यात घरटी पत्रिका निघाल्या. ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी जन्मवेळ टिपून ठेवली नव्हती, त्यांच्या! रेवदंड्याचा एक एजंट यात सगळ्यांच्या पुढे होता. एकदा त्याच्या घरी गेलो, तर परसात दोरीवर कागद टांगलेले, बोंबील वाळत घालावेत तसे. जोश्याकडून नव्या कागदावर पत्रिका लिहून घ्यायची, बिनदुधाच्या चहात बुडवायची आणि चुलीचा धूर द्यायचा. झाली तीस वर्षांची जुनी! "कशी काय वाटते, मास्तर?" त्यानं विचारलं. मला किळस यायला हवी होती. मी हसलो. वर, "कोपरा जरा कसरीनं खाल्ल्यासारखा करा," असंही सुचवलं. एवढी माझी अक्कल.

पुढच्या रविवारी त्यानंच विचारलं, "समजा, पत्रिका खोटी निघाली तर?" मी पुस्तक न उघडता सांगितलं: एजंटानं स्वतः खोटा कागद लावला असेल आणि माणसानं नुसता अंगठा दिला असेल, तर एजंटाचं लायसन जातं आणि वारसाला पैशांसाठी भांडायला जागा राहते. पण खोटा कागद माणसानंच आणून दिला असेल, तर एजंट सुटला आणि वारसाच्या हाती भोपळा. त्यानं मान डोलावली आणि मला आणखी पोहे वाढायला सांगितलं.

वर्षाच्या आत त्याचं थळचं एक गिऱ्हाईक पोटाच्या दुखण्यानं गेलं. मासेमारी करणारा माणूस, घरची एक होडी, लग्नाच्या दोन मुली. विम्याचे पैसे मिळाले तर होडी राहणार होती, नाही तर विकावी लागणार होती. बायकोनं पैशांसाठी अर्ज केला. थोरला मुलगा मुंबईला गोदीत होता, त्यानं भाबडेपणानं आपला शाळेचा दाखलाही सोबत जोडला. मुलगा सव्विसाचा. पत्रिकेप्रमाणे बाप चौतिसाचा. म्हणजे बापाला आठव्या वर्षी पोर झालं! अरे, चोरी करायची तर निदान हिशेब तरी येऊ दे मेल्याला.

कंपनीचा साहेब रेवसच्या लाँचनं आला. मद्रासकडचा, मराठीचा गंध नाही. आमच्या वकिलांच्या कचेरीत जबाब व्हायचे होते आणि दुभाषा म्हणून मला बसवलं. जिन्यापाशी ती बाई उभी होती. तिला माझ्याबद्दल काही ठाऊक नव्हतं, मी तिच्या लेखी कचेरीतला कुणीतरी. आपणहून म्हणाली, "काल ते एजंट भाऊ आले व्हते. काय बोलायचा ते सगला शिकवून गेले. बरा मानूस हाय."

त्यानं काय शिकवलं असेल ते मला कळलं, कारण ते मीच शिकवलेलं होतं. तिथल्या तिथे सांगता आलं असतं: बाय, तसं बोलू नकोस, तुला कागदातलं काही माहीत नाही एवढंच सांग. तेवढ्यात तो मागून आला आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "मास्तर, मी बुडालो तर तुम्ही काठावर राहणार नाही हां." तोंडाला त्याच्या तंबाखूचा वास होता. त्याची घाण वाटली, आणि त्याहून जास्त माझी, कारण मी गप्प राहिलो. नोकरी होती. वकील कडक होते. सबबींना काय तोटा!

आत साहेबानं विचारलं, पत्रिका कुणी दिली? मी मराठीत तिला विचारलं.

ती ताठ बसून घडाघडा बोलली, "आमच्या मालकांनी दिली. तेंच्या आयशीनं पेटीत जपून ठेवलेली व्हती. एजंट भावाला त्यातला कायपन ठाव न्हवता."

मी ते इंग्रजीत सांगितलं. शब्दन् शब्द, एक चूक केली नाही. साहेबानं लिहून घेतलं, तिचा अंगठा घेतला आणि फाईल मिटली.

अंगठ्याची शाई लुगड्याला पुसत ती माझ्याकडे वळली. "बराबर बोल्ले ना, भाऊ? आता होडी विकायला न्हाय ना लागनार?"

"बरोबर बोललीस, बाय," मी म्हटलं.