पेट्रोलमध्ये ओतलेलं तेल

वडिलांच्या मोटरसायकलचं इंजिन ते कामाला होते त्या कारखान्यात, त्यांच्याच असेंब्ली लाइनवर जुळलं होतं. फोर-स्ट्रोक, उंच मडगार्ड, खडबडीत जाड टायर. बांधावरून, दगडखाणीतून जाण्यासाठी बनवलेली. तेव्हा आमच्याकडे सगळे धूर सोडणाऱ्या टू-स्ट्रोकवर. दुधाच्या कॅनला तेवढं पुरायचं, म्हणून ही फारशी खपली नाही. आधी मॉडेल बंद झालं, मग कंपनीच. चाकणला धड रस्ते नव्हते तेव्हा वडील हिच्यावरून युनियनच्या गेटसभेची पत्रकं पोचवत. मी वाचायला शिकलो तो त्याच पत्रकांवर.

यंदा त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गाडी पडून राहू नये म्हणून चऱ्होलीच्या चुलत्यांकडे दिली. वडील दात-ओठ खात व्यायाम करायचे. पुन्हा किक मारायची होती, बाकी काही नाही.

त्यांच्या हातात एका चढावर गाडी जाम झाली. चाकणच्या मेकॅनिकने चुलत्यांच्या आणि माझ्या समोर इंजिन उघडलं.

"चाचा, आत तेलाचा थेंब नाही."

"आसं कसं? दर खेपेला पेट्रोलमधी टाकतोय की. जरा जास्तच."

"ते जळून जातं. हिचं तेल खाली, इंजिनात भरायचं. तुम्ही हिला जुनी टू-स्ट्रोक स्कूटर समजलात."

"धूर सोडत व्हती," चुलते म्हणाले. "म्हणलं, खूश हाय."

मेकॅनिक माझ्याकडे वळला. "पिस्टन भोसरीत बनवून घेतला असता, राव. पण हेड, कॅम, क्रँक, सगळंच गेलंय." त्याने माझ्यासमोर ओळखीच्या दुकानांना फोन लावले. सगळीकडून नकार.

गाडी विकणाऱ्याने सुटे भाग पुरवलेच पाहिजेत, हे मी दोन पानं भरून मांडलं. पाठवणार कुणाला? कंपनीच्या जागेवर इमारती उभ्या आहेत, गॅलऱ्यांत कपडे वाळतात. चुलत्यांवर चिडावं, तर त्यांनी तेलात हात आखडला नव्हता.

घरी चुलत्यांनीच वडिलांना सांगून टाकलं. "दादा, मीच मारली ती."

वडील म्हणाले, "खाली भरायचं, हे मी बोललोच न्हाई. वाटलं, तुला ठाऊक असंल."

दुसऱ्या दिवशी व्यायाम घेणाऱ्या बाई आल्या. वडिलांनी पाय पांघरुणात ओढून घेतला. "आता नका येऊ, ताई," ते म्हणाले. मला वडिलांना समजवायचं होतं. मी बाईंना दारापर्यंत सोडून आलो.