नलूचे दोन आवाज

अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्वदीर्घही चुकतं, त्याची माफी असावी. माझी शाळा चौथीतच सुटली.

संध्याकाळी मी तांदूळ निवडते आणि माझी पंधरा वर्षांची सुमन मला वाचनालयातली कादंबरी वाचून दाखवते. त्यातली नलू तिच्याच वयाची. घरात मान खाली घालून "हो बाबा" म्हणते आणि शाळेच्या वाटेवर मैत्रिणींना पोट धरून हसवते. सुमन दोन्हींना वेगळा आवाज देते. घरातल्या नलूचा आवाज माझ्या रोजच्या ओळखीचा. बाहेरच्या नलूचा मात्र मी आमच्या घरात कधी ऐकला नव्हता. तो हिला इतका सहज कसा येतो, या विचारानं सुपातला हात थांबतो. खरी कोणती? दोघी खऱ्या असतील, तर एकीला रोज उंबऱ्याबाहेर ठेवून आत येताना पोरीला काय होत असेल?

काल नलू बापाला सांगायला निघाली, की दहावीनंतर तिला शहरात शिकायचंय. तेवढ्यात सुमनचे बाबा आत आले. सुमनचं वाचन थांबलं. दहावी झाली की शिवणक्लास, असं यांनी तिचं ठरवून टाकलंय.

"वाच ना," मी म्हटलं.

तिनं पुस्तक मिटलं आणि बाहेरच्या नलूच्या आवाजात म्हणाली, "बाबा, मला शहरात शिकायचंय."

"भारीच धीट गं तुमची पुस्तकातली पोरगी," सदरा खुंटीला लावत हे हसले.

यांच्यासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तरी म्हटलं, "पुस्तकातली नाही. आपली."