पाच घरांची तालीम

पिठाने माखलेले हात झटकायचे, समोरच्याला त्या पांढऱ्या ढगात ठसका लागू द्यायचा आणि विचारायचं, "तालीम झाली का?" तुळजापुरात आमच्या गल्लीत पिठाची गिरणी चालवणाऱ्या मावशींची ही रीत होती. लग्नाला जायचं असो की दवाखान्यात, आधी तालीम. मी एका दैनिकाचा बातमीदार. मोर्चाला निघालो तरी मला हाच प्रश्न.

असं एखादं माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आमच्या मावशींनी मात्र एका सुनेच्या पळून जाण्याची तालीम घेतली.

गल्लीच्या वरच्या टोकाला ती राहायची. नवरा मारायचा. दळणाला आली की तो दारासमोर मोटारसायकलवर बसून राहायचा आणि परतताना पिठाच्या डब्यात हात घालून बघायचा. एकदा ती फाटलेल्या ओठाने आली. बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून मावशींनी गिरणी रिकामीच फिरवली.

"माहेर कुठं, पोरी?"

"माकणी. भाऊ न्यायला तयार हाय. पण निघालीस तर पाय मोडीन म्हणत्यात मालक."

"आन् मंगळवारी परडी घेऊन जोगव्याला निघालीस तर?"

"तवा पाया पडत्यात."

परडी म्हणजे देवीची टोपली. ती घेऊन पाच घरी जोगवा मागणाऱ्या बाईला इथं कोणी अडवत नाही, परडीत हातही घालत नाही. बेत ठरला. तळाशी कागदपत्रं, वर पीठ. पाचवं घर गिरणीचं. मागच्या दाराला रिक्षा, रिक्षात भाऊ. ठाण्यातल्या महिला हवालदाराला आधीच कल्पना दिली.

दर दळणाला तालीम. मावशी पिठाच्या मिशा काढून नवरा व्हायच्या. मला रिक्षाचं काम होतं. "जरा आवाज काढा की, पेपरवाले! बंद पडल्यावानी काय उभं राहिलाव?" ती पोर पहिल्यांदा तेव्हा हसली. ओठ दुखला म्हणून लगेच थांबली.

मंगळवार आला. नवऱ्याने स्वतः परडीत ओंजळभर पीठ घातलं आणि खालच्या आधार कार्डासकट सगळ्याच्या पाया पडला.

चूक पुढे झाली. तालमीत घरं पाच होती. गल्लीत जास्त होती. दारावरून परडी रिकामी कोण जाऊ देणार? "आमच्या दाराला टाळून जाती व्हय?" प्रत्येक दारात पीठ, हळदकुंकू, तेल. एका आजीने तर देवीला गुडघेदुखी पहिल्यापासून सांगितली. ती पोर गिरणीत शिरते तोवर नवऱ्याला उघडं कपाट दिसलं होतं. तो धावतच आला.

मावशी दारात आडव्या झाल्या. अंबाडा सुटला, डोळे फिरले, त्या घुमू लागल्या.

"उदो! पाया पड!"

तो पडला. सवयीने मीही पडलो.

"तोंड वर केलंस तर बघ!"

मागे रिक्षा सुरू होईना. मावशी घुमत राहिल्या. तो पालथाच. शेवटी घुमता घुमताच त्या माझ्यावर ओरडल्या, "ए भक्ता, मागं जाऊन ढकल!"

मी ढकलली. रिक्षा गेली. हवालदारबाई आल्या तेव्हाही तो पालथाच होता.

नंतर मी मावशींना विचारलं, "खरंच अंगात आलं होतं?"

त्यांनी हात झटकले. "त्याची कुठं तालीम झाली व्हती?"

मावशी आता नाहीत. गिरणीचं शटर खाली आहे. परवा ती पोर माकणीहून एकटी आली, तीच परडी घेऊन. वरच्या टोकापासून प्रत्येक दारात थांबली. आजींचे गुडघे पूर्ण ऐकले. कुठलीच घाई नव्हती. शेवटी गिरणीच्या पायरीवर तिने मूठभर पीठ ठेवलं आणि दोन्ही हात जोरात झटकले.

ठसका मला लागला.