बंद भोंग्याचा दाखला

आधीच सांगते, मी इंजिनिअर आहे, तेही सिव्हिल. भिंत ओली दिसली की वर पाइप कुठे फुटलाय ते बघणारी. उतरवून टाकलेलं लिंबू रस्त्यात दिसलं तर 'चांगलं सरबत वाया गेलं' म्हणणारी. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचायचे ते हसण्यासाठी. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय याचं हसू यायला हवं... पण येत नाहीये.

मी नगरपरिषदेची मुख्याधिकारी. म्हणजे गावाचं पाणी, कचरा, दिवे, गटारी ज्याच्या सहीने चालतात आणि बिघडलं की शिव्याही ज्याच्या नावाने पडतात तो माणूस. परीक्षा पास झाले आणि पहिलीच पोस्टिंग नाशिक जिल्ह्यात मिळाली. गावाचं नाव देत नाही, कारण मी अजून नोकरीत आहे आणि गावही चांगलं आहे. विंचूर-लासलगाव पट्ट्यातलं समजा. कांद्याचा हंगाम असला की ट्रॅक्टरच्या रांगेत माझी सरकारी गाडीही मुकाट उभी राहायची.

मी मूळची चंद्रपूरकडची, कोळसा खाणीच्या कॉलनीत वाढलेली. नाशिक जिल्ह्यात माझ्या ओळखीचं कुत्रंही नव्हतं. अख्खं गाव मला ओळखायचं, पण नावाने हाक मारणारं कोणी नव्हतं. मी फक्त 'मॅडम'. पहिल्या आठवड्यात हौसेने डबा घेऊन स्टाफच्या खोलीत गेले, तर सगळे ताडकन उभे राहिले. कोणाच्या हातात घास, कोणाच्या तोंडात. मी 'बसा, बसा' म्हटलं, ते बसले, पण नंतर कोणी बोलेचना. दुसऱ्या दिवशी आमचे हेडक्लार्क खैरनार भाऊसाहेब हळूच म्हणाले, "मॅडम, राग मानू नका, पण तुम्ही आतच जेवत जा. त्यांना मोकळं वाटत नाही."

मग मी चेंबरचं दार लावून जेवायला लागले. रात्री आईचा फोन यायचा. "जेवली का?" हो. "कोणासोबत?" स्टाफसोबत, आई. रोज हेच खोटं.

त्या दिवसांत मला सोबत होती ती एका भोंग्याची. तुमच्यापैकी तालुक्याच्या गावात वाढलेल्यांना माहीत असेल, नगरपालिकेचा भोंगा वाजायचा आणि त्यावर गाव घड्याळं लावायचं. आमच्या इमारतीच्या गच्चीवरही एक होता, मी रुजू झाले त्याच दिवशी टाकी बघायला वर गेले तेव्हा पाहिलेला. दुपारी बरोबर एक वाजता तो वाजायचा. डोक्यावरच असून आवाज जरा लांबून, भिंतीआडून आल्यासारखा यायचा. चढत जायचा, उतरायचा, बंद पडायचा... आणि संपला म्हणेपर्यंत पुन्हा एक छोटासा, अगदी निसटता सूर. मग शांत.

आमच्या कॉलनीत खाणीचा भोंगा वाजला की बाबा घरी यायचे. त्यामुळे तो आवाज ऐकला की माझं पोट आपोआप जेवायला तयार. भोंगा वाजला की मी डबा उघडायची. त्या एका मिनिटात मला परकं वाटायचं नाही, एवढंच.

त्याबद्दल मी कोणाशी बोलले नाही. शाळेची घंटा ऐकून कोणी 'घंटा वाजली हो' असं सांगत सुटतं का? एकदा पाणीपुरवठ्याच्या बैठकीत एक वाजला. मी बोलता बोलता थांबले, भोंगा संपू दिला आणि "हं, तर..." म्हणून पुढे सुरू केलं. सगळे माझ्याकडे टकामका बघत होते. मला वाटलं, चला, मॅडमचा वचक बसला!

साताठ महिने असे गेले. मग निकामी सामान काढून टाकायची फाइल आली. मोडक्या खुर्च्या, गंजलेल्या घंटागाड्या, जळके पंखे, अशी तीन पानी यादी. मधेच कुठेतरी 'जुना भोंगा, नादुरुस्त, १ नग' असंही होतं. मला वाटलं, जास्तीचा एखादा पडून असेल. सही केली. एका मंगळवारी संध्याकाळी भंगारवाल्याचा टेम्पो आला आणि सगळं घेऊन गेला.

बुधवारी एक वाजला. भोंगा नाही.

गुरुवारी नाही, शुक्रवारीही नाही. मी डबा समोर ठेवून दीड वाजेपर्यंत बसून राहिले. शेवटी खैरनारांना बोलावलं. "भाऊसाहेब, भोंगा बिघडलाय वाटतं. तेवढा दुरुस्त करून घ्या."

"कोणता भोंगा, मॅडम?"

"आपला. एकचा."

खैरनार हसले, मग माझं तोंड बघून थांबले. "मॅडम, तो बंद पडून दहा-अकरा वर्षं झाली. मोटर जळाली होती, तेव्हाच काढून टाकली. वर नुसता पत्र्याचा कर्णा होता. मंगळवारी भंगारात गेला तो तोच."

मी "अच्छा, अच्छा" म्हटलं आणि फाइलमध्ये डोकं घातलं. त्या दुपारी मी गच्चीवर जाऊन आले. चार बोल्टांची भोकं आणि एक तुटकी वायर, जी कुठेच जोडलेली नव्हती. ती वायर मी हातात धरून पाहिली. सिव्हिल असले तरी इतकं कळतं.

पुढच्या सोमवारी, लोकांनी भेटायला यायच्या दिवशी, एक म्हातारी आली. हमीदाबी. आमच्या ऑफिसच्या मागच्याच गल्लीत राहणारी. सोबत तिचा मुलगा सलीम, भिवंडीला कारखान्यात नोकरी करणारा, सरळ माणूस. चेंबरमध्ये तेव्हा दोन नगरसेवक, एक बातमीदार आणि खैरनार होते.

"मॅडम," म्हातारी म्हणाली, "भोंगा का बरं बंद केला? बुधवारपासनं वाजत नाय."

नगरसेवक खो खो हसले. माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं.

सलीम ओशाळला. "माफ करा, मॅडम. माझे वडील, युसूफभाई, इथंच कामाला होते. भोंगा तेच वाजवायचे. ते वारले, नंतर भोंगाही बंद पडला. पण अम्मी म्हणते रोज वाजतो. एकटी राहती, गॅस पेटवती... मला तिकडं झोप लागत नाय. चल म्हणतो भिवंडीला, तर येत नाय."

"मी येडी नाय," हमीदाबी म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "ह्यो म्हणतो, अम्मी तुझं डोकं फिरलं. मी म्हणलं, कचेरीत इचार. मला दाखला द्या, मॅडम. मंगळवारपर्यंत भोंगा वाजत व्हता, एवढं लिहून द्या. मग ह्यो मला न्यायचं नाव काढणार नाय."

"कबूल केलंय मी," सलीम म्हणाला. "मॅडमनी लिहून दिलं तर परत बोलणार नाही." आणि माझ्याकडे बघून डोळ्यांनीच विनवलं, की तुम्हीच समजवा हिला.

रहिवासी दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला, विवाहाचा दाखला... आमच्याकडे सगळे दाखले मिळतात. हाच एक नव्हता. आणि तो देऊ शकेल असं अख्ख्या गावात एकच माणूस होतं.

बातमीदाराने वही उघडली होती. मी नवीन, प्रोबेशनवर. 'पोरगी काय गाव चालवणार' असं म्हणणाऱ्यांपैकी एक समोरच्या खुर्चीत. मी म्हणाले, "आजी, तो भोंगा तर कधीचाच बंद आहे."

हमीदाबीने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुला बी नाय आला ऐकू? तू तर त्याच्या खालीच बसती."

"नाही, आजी."

ती उठली. दारापर्यंत गेली, वळली, आणि पुन्हा एकदा माझ्याकडे बघून निघून गेली. शरम काय असते ते मला त्या दिवशी कळलं.

आठ दिवस मी स्वतःची समजूत घालत राहिले. कॉलनीतल्या लहानपणाचा भास असेल. एकटेपणात माणूस काहीही ऐकतं. सगळं पटत होतं, एक सोडून... भास माझा होता, तर त्याच बुधवारपासून तो तिचाही कसा थांबला?

पुढच्या मंगळवारी पाऊण वाजता मी चालत मागच्या गल्लीत गेले. दारात टेम्पो उभा होता. गादी, ट्रंक, शिलाई मशीन चढवून झालं होतं. सलीम दोरी बांधत होता. घरात रिकाम्या जमिनीवर हमीदाबी बसली होती, समोर थंड स्टोव्ह.

मी तिच्यासमोर खाली बसले. "आजी, मी खोटं बोलले. मी ऐकत होते. रोज, एक वाजता."

तिने माझी उलटतपासणी घेतली. "कसा वाजायचा, सांग."

"चढायचा, उतरायचा, बंद व्हायचा. आणि मग एक बारीकसा... जसं कोणी बटणाला परत नुसता हात लावलाय."

तिचा चेहरा पार बदलला. "ते माझ्यासाठी असायचं," ती म्हणाली. "निघालो, म्हणून. तेवढं ऐकलं की मी तवा ठेवायची. पाच मिन्टांत घरी. ते गेले, तरी वाजायचं. मग मी दोन भाकरी टाकायची न् खायची. तू कुठं बसायची जेवायला?"

"आत. दार लावून. एकटी."

"मी बी," ती म्हणाली.

सलीम दोरी सोडून दारात येऊन उभा होता. मी उठून त्यालाही तेच सांगितलं, शेवटच्या बारीक सुरासकट. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, ते तुम्हाला आत्ता अम्मीनेच सांगितलं असेल. तिचं मन राखायला तुम्ही एवढ्या मोठ्या अधिकारी असून घरी आलात, मेहेरबानी." आणि त्याने खरंच हात जोडले.

मी खरं बोलले आणि ते माझ्या चांगुलपणात जमा झालं.

घर त्याने भाड्याने देऊन टाकलं होतं, किल्लीही भाडेकरूकडे गेली होती. निघताना हमीदाबीने माझ्या गालावरून हात फिरवला. रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "बेटा, हेच कचेरीत का नाय बोलली? चार माणसांत बोलली असती तर त्याने ऐकलं असतं."

मी ऑफिसात परत आले तेव्हा सव्वा वाजून गेला होता. डबा उघडलाच नाही. कॉम्प्युटरवर बसून स्वतः टाइप केलं:

'दाखला देण्यात येतो की, या कार्यालयाच्या इमारतीवरील भोंगा, तो भंगारात काढेपर्यंत, दररोज दुपारी एक वाजता वाजत होता. खाली सही करणारीने तो स्वतः ऐकला आहे. श्रीमती हमीदाबी यांचे म्हणणे खरे आहे. त्यांच्या विनंतीवरून हा दाखला देण्यात येत आहे.'

खैरनारांनी तो दोनदा वाचला. "मॅडम, कोणी माहितीच्या अधिकारात मागितला तर चौकशी लागेल."

"लागू द्या."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. जावक रजिस्टर काढलं, विषयाच्या रकान्यात 'भोंगा' लिहिलं, नंबर टाकला आणि गोल शिक्का अगदी सरळ, जपून मारला. सलीमचा पत्ता त्यांच्याकडे निघाला. त्याच संध्याकाळी दाखला पोस्टात पडला.

उशीर झाला होता हे मला माहीत होतं. किल्ली परत येणार नव्हती.

महिन्याभराने एक पोस्टकार्ड आलं. अक्षर सलीमचं. 'दाखला मिळाला. मी वाचून दाखवला. अम्मीला मी आता येडी म्हणत नाही. अम्मी सांगते, इकडे भोंगा नाही, पण मी एक वाजता जेवते. तुम्ही पण जेवत जा.'

आता माझी बदली नाशिक शहरात झालीये. इथे मोठं ऑफिस आहे, चेंबरही मोठं आहे, आणि दार लावलं की तेवढंच शांत होतं. चौकशी काही लागली नाही, तो कागद अजून तिथल्या दप्तरात असेल. मोटर नसलेला, वायर तुटलेला पत्र्याचा कर्णा कसा वाजत होता, आणि अख्ख्या गावात आम्हा दोघींनाच का ऐकू येत होता, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणाला सापडलं तर सांगा... पण 'भास' म्हणू नका, त्यावर माझी सही आहे.

रात्री आईचा फोन येतो. "जेवली का?" हो. एक वाजता. "कोणासोबत?"

"एकटीच, आई," मी सांगते. आता खोटं बोलत नाही.