चिमट्यावरची फुंकर

मंडळी, आज परंदवडीजवळच्या एका टिश्यू कल्चर प्रयोगशाळेत गेले होते. तिथे गावातल्या बायका बाटलीत केळीची रोपं वाढवायला शिकतात.

आंदर मावळातल्या सुनंदामावशींच्या बाटल्या दोनदा बुरशी येऊन नासल्या होत्या, वहीत दोनदा 'नापास' शेरा पडला होता. नोकरीसाठी आजची संधी शेवटची. कारण कळेना, म्हणून शिकवणाऱ्या मॅडम शेजारी उभ्या राहिल्या.

मावशींनी कोंब उचलायचा चिमटा जंतू मरावेत म्हणून ज्योतीवर तापवला, मास्क खाली ओढला आणि जोरात फुंकर मारली.

"अहो मावशी, हे काय?"

"तुमीच म्हनला, चिमटा गार करा. कोंब भाजंल न्हाई का?"

"फुंकरीतून जंतू परत चिमट्यावर जातात हो! पण चुकलं माझं. न फुंकता नुसता धरून गार होऊ द्यायचा, ते मी सांगितलंच नाही."

मॅडमनी वहीतले मावशींच्या नावापुढचे दोन्ही 'नापास' खोडले.

तुमच्याकडे नापास ठरवण्याआधी कुणी असं शेजारी उभं राहतं का?